मोटर घेणं आणि मोटर पोसणं

रेवस-बोडणीच्या किनाऱ्यावरून होडी समुद्रात निघते तेव्हा जाळी, डिझेल आणि शिध्याच्या बरोबरीने तिच्या खणात बर्फ भरलेला असतो. फेरी आठवडाभराची असेल तर हा बर्फ टनांत मोजावा लागतो. तो कमी पडला तर नाखव्याच्या पदरी भरलेल्या खणाचंही अर्धंमुर्धंच मोल पडतं. असा बर्फ करणारा कारखाना कोकणच्या किनाऱ्यावर कुठेही पाहा, मांडणी एकच असते. पत्र्याची शेड, मिठाच्या पाण्याची लांबलचक टाकी, तिच्यात गळ्यापर्यंत बुडवलेले पाण्याचे डबे, नाकाला झोंबणारा अमोनियाचा पुसट वास आणि एका कोपऱ्यात रात्रंदिवस घरघरणारी मोटर. ती पट्ट्यांवर कॉम्प्रेसर फिरवते. कॉम्प्रेसर अमोनिया दाबतो, अमोनिया मिठाच्या पाण्यातली उष्णता उचलतो आणि डब्यातल्या पाण्याची लादी होते.

मालकाला विचारा, मोटर केवढ्याला घेतली? आकडा लगेच येतो. दुकानदाराशी किती घासाघीस केली तेही ऐकायला मिळतं. मग विचारा, गेल्या वर्षी या एका मोटरने किती रुपयांची वीज खाल्ली? इथे बहुतेक जण थांबतात. महावितरणचं बिल अख्ख्या कारखान्याचं येतं. त्यात कॉम्प्रेसर, पंप, टाकीतलं पाणी ढवळणारा पंखा आणि दिवे असं सगळं एकत्र असतं. मोटरची किंमत एका पावतीवर दिसते, तिचा खर्च मात्र कुठल्याच पावतीवर वेगळा छापलेला नसतो. कार्यक्षम मोटर ही कल्पना इतकी वर्षं रेंगाळली, त्याचं निम्मं कारण मला या कागदी व्यवस्थेत दिसतं.

मग हिशेब आपणच मांडू. कॉम्प्रेसरवर ५० एचपीची, म्हणजे ३७ किलोवॅटची जुनी मोटर आहे आणि तिच्या शाफ्टवरून कॉम्प्रेसर ३० किलोवॅट घेतो असं धरू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून वर्षाचे दहा महिने आणि दिवसाचे वीस तास धरू. वर्षाकाठी ६,००० तास होतात. विजेचा एकूण दर, सगळे आकार मिळून, युनिटला ९ रुपये समजू. आपल्या बिलावरचा खरा दर यात घातला की हिशेब आपला होईल. आयई-१ या कार्यक्षमतेच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या जुन्या मोटरची कार्यक्षमता ९१.२ टक्के. ३० किलोवॅट बाहेर द्यायला ती ३२.९ किलोवॅट आत घेते. वर्षाला १,९७,००० युनिटांच्या वर, म्हणजे पावणेअठरा लाख रुपये. एवढ्याच ताकदीची नवी मोटर समजा दोन लाखांना मिळते. तर चालू हंगामात सव्वा महिन्याच्या आत ती स्वतःच्या किमतीएवढी वीज खाते, आणि नंतर पंधरा-वीस वर्षं खात राहते. दोन लाखांत दहा हजारांची सूट मिळवायला दोन तास घालवणारा माणूस पावणेअठरा लाखांकडे पाहत नाही, याचा अर्थ तो हिशेबात कच्चा आहे असा नाही. त्याला तो आकडा कुणी दाखवलेलाच नसतो.

आता त्याच जागी आयई-३ वर्गाची मोटर बसवली तर? तिची कार्यक्षमता ९३.९ टक्के. फरक २.७ टक्क्यांचा. ऐकणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटतो, आणि विक्रेत्यांची अर्धी अडचण इथेच असते. पण आकडा दुसऱ्या बाजूने वाचावा. पूर्ण भारावर जुनी मोटर ३७ किलोवॅट काम देताना साडेतीन किलोवॅटहून जास्त वीज नुसती उष्णता म्हणून फेकते, चार इस्त्र्या कोपऱ्यात तापत ठेवल्यासारखी. नव्या मोटरमध्ये हा तोटा २.४ किलोवॅटवर येतो. म्हणजे वाया जाणाऱ्या विजेतला एक तृतीयांश भाग वाचला. आपल्या उदाहरणात वर्षाला सुमारे ५,६७५ युनिट वाचतात, म्हणजे ५१,००० रुपये. आयई-४ वर्गाची, ९५.२ टक्क्यांची मोटर घेतली तर बचत ७४,००० रुपयांच्या पुढे जाते.

ही वाया जाणारी वीज नेमकी कुठे जाते? मोटरच्या पोटात तोट्याच्या पाच वाटा आहेत. सगळ्यात मोठी वाट स्टेटरच्या तांब्याची. वेटोळ्यांमधून प्रवाह गेला की तार तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. दुसरी रोटरच्या पिंजऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांची. तिसरी लोखंडाची. गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला पन्नास फेऱ्यांनी उलटसुलट होतं आणि प्रत्येक उलथापालथीला लोखंड थोडी ऊर्जा गिळतं, शिवाय त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात ते वेगळेच. चौथी बेअरिंगच्या घर्षणाची आणि मागच्या पंख्याची. पाचवीत उरलेसुरले तोटे येतात, जे मोजायलाही अवघड असतात. चांगली मोटर करताना कारखानदार या पाचही वाटा थोड्या थोड्या अरुंद करतो. खाचांमध्ये जास्त तांबं भरतो, गाभ्याला सिलिकॉनयुक्त पोलादाचे अधिक चांगले आणि पातळ पत्रे वापरतो, गाभा लांब करतो, पंखा लहान करतो. मोटर कमी तापते म्हणूनच तिला लहान पंखा पुरतो, हा यातला सुखद भाग. एवढं सगळं करून ती जुन्या मोटरपेक्षा वजनाने भारी आणि किमतीने जड होते. जादा पैसे मोजतो ते तांब्याचे आणि पोलादाचे. म्हणून मोटर उचलून पाहण्याची जुन्या मिस्त्रींची सवय अडाणीपणाची नव्हती.

हे यंत्र तसं जुनंच. इटलीत गॅलिलिओ फेरारीसने १८८५ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा नमुना केला, निकोला टेस्लाला १८८८ मध्ये अमेरिकेत पेटंटं मिळाली आणि १८८९ मध्ये मिखाईल दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्कीने पिंजऱ्याच्या रोटरची तीन फेजची मोटर उभी केली. आज बर्फाच्या कारखान्यात फिरते ती मोटर त्याच घराण्यातली आहे. रायगडकरांना या इतिहासात आपला वाटा सांगता येईल. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून खाली खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू केलं, ते मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. गिरण्यांमधली वाफेची इंजिनं हळूहळू गेली आणि त्यांच्या जागी मोटरी आल्या. खोपोलीचं टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेत जातं आणि पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या मुखाशी रेवस. मराठी माणसाने मोटरी बनवल्या तेही फार उशिरा नाही. किर्लोस्कर इलेक्ट्रिक १९४६ मध्ये बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत भारत बिजली ही कंपनी निघाली.

या सगळ्या काळात मोटर घेणारा फक्त दोन गोष्टी पाहत होता, किंमत आणि टिकाऊपणा. वीज स्वस्त होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत आणि युरोपात कार्यक्षमतेचा आकडा विचारला जाऊ लागला. अमेरिकेने १९९२ मध्ये कायदा करून १९९७ पासून किमान कार्यक्षमता बंधनकारक केली. प्रत्येक देशाची मापनपद्धत वेगळी असल्याने एका देशातली ९२ टक्क्यांची मोटर दुसऱ्या देशात ९१ ची ठरायची. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने २००८ मध्ये आयई-१, आयई-२, आयई-३ अशी एकच उतरंड ठरवली आणि २०१४ मध्ये तिच्यात आयई-४ ची भर पडली. भारतात आयएस १२६१५ हे मानक त्याला जुळवून घेतलं गेलं आणि २०१७ च्या केंद्र सरकारच्या गुणवत्ता आदेशाने आयई-२ ही किमान पायरी झाली. युरोपीय संघाने २०२१ पासून बहुतेक मोटरींना आयई-३ आणि २०२३ पासून ७५ ते २०० किलोवॅटच्या मोटरींना आयई-४ सक्तीचं केलं. यामागचा आकडा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी ४३ ते ४६ टक्के वीज मोटरींवर चालणारी यंत्रं खातात. दिवे, वातानुकूलन, संगणक यांवर आपण जितकं बोलतो त्याच्या मानाने मोटरींवर काहीच बोलत नाही.

पण कायदा नव्या मोटरीला लागू होतो. शेडमध्ये बसलेल्या जुन्या मोटरीला तो हात लावत नाही, आणि जुनी मोटर सहजासहजी मरत नाही. ती जळते आणि पुन्हा भरली जाते.

डिसेंबरच्या एका रात्री मोटर जळते असं समजा. टाकीतल्या लाद्या निम्म्या गोठलेल्या आहेत, पहाटे चार होड्यांना बर्फ द्यायचा शब्द गेलेला आहे. अशा वेळी मालक आयई-३ आणि आयई-४ यांची तुलना करत बसणार आहे का? तालुक्याच्या गावातला वाइंडिंगवाला मोटर उघडतो, जळकी तार काढतो, नवी भरतो, वॉर्निश देऊन भट्टीत सुकवतो आणि परवा संध्याकाळी मोटर पुन्हा फिरू लागते. खर्च नव्या मोटरीच्या पाव-पंचमांश. या माणसाची किनाऱ्याला गरज आहे आणि त्याचं कौशल्यही खरं आहे. अडचण जळकी तार काढण्याच्या रीतीत असते. जुनं वॉर्निश सुटावं म्हणून स्टेटर उघड्या ज्वालेने किंवा बेसुमार तापवला तर गाभ्याच्या पत्र्यांमधला पातळ विद्युतरोधक थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि लोखंडातला तोटा कायमचा वाढतो. तापमानावर ताबा असलेल्या भट्टीत काम झालं, तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या मूळची राखली, तर कार्यक्षमता जवळजवळ तशीच राहते. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मोटर-दुरुस्ती करणाऱ्यांच्या संघटनांनी २००३ मध्ये केलेल्या चाचण्यांतून हे दिसलं होतं. म्हणून रिवाइंडिंग वाईटच असं म्हणण्यात अर्थ नाही. भट्टीला तापमानाचा काटा आहे का, हे मात्र विचारायला हवं.

समजा भरलेली मोटर एक टक्का घसरून ९०.२ वर आली आणि भरायला चाळीस हजार गेले. नव्या आयई-३ च्या तुलनेत ती आपल्या कॉम्प्रेसरवर वर्षाला सुमारे ७,८६० युनिट जास्त खाईल, म्हणजे सत्तर हजार रुपये. नव्या मोटरीला जादा घातलेले एक लाख साठ हजार सव्वादोन वर्षांत परत येतात. तिसऱ्यांदा भरलेल्या मोटरीचा हिशेब याहून वाईट निघेल.

तर निर्णय मोटर जळण्याआधी झालेला असला पाहिजे, या प्रकरणात मला सांगायचं ते एवढंच. मोठ्या कारखान्यांमध्ये प्रत्येक मोटरीची नोंदवही असते आणि कोणती जळली तर भरायची, कोणती बदलायची हे आधीच लिहिलेलं असतं. लहान कारखान्याला वहीचीही गरज नाही. मोटरच्या अंगावरच रंगाने लिहावं: 'भरू नका, बदला'. आणि बदलायची म्हणजे दुकानात शोधायला लागू नये म्हणून कॉम्प्रेसरसाठी एक नवी मोटर कोपऱ्यात झाकून ठेवावी. दोन लाख अडकून पडतात हे खरं, पण पावणेअठरा लाखांच्या वार्षिक बिलापुढे तो विमाच समजावा.

कोणत्या मोटरीवर 'बदला' लिहायचं आणि कोणत्या नाही, हे मात्र तास ठरवतात. कारखान्यात लाद्या फोडून चुरा करणारा क्रशर असतो. त्यावर ७.५ किलोवॅटची मोटर, दिवसाला धरून चालू तासभर. आयई-१ ची कार्यक्षमता ८६ टक्के, आयई-३ ची ९०.४. टक्क्यांत पाहिलं तर इथे फरक कॉम्प्रेसरच्या मोटरीपेक्षा मोठा आहे. लहान मोटरी मुळातच जास्त वाया घालवतात. पण वर्षाला तास ३००. बचत १२७ युनिट, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. या मोटरीसाठी नवी पावती फाडणाऱ्याला त्याचे पैसे परत दिसायला बरीच वर्षं लागतील. तिला खुशाल भरावं. कार्यक्षमतेच्या जाहिरातींमध्ये हे वाक्य सापडत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता एक मेख. तीन फेजची इंडक्शन मोटर पन्नास हर्ट्झवर चार ध्रुवांची असेल तर तिचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे मारतं. रोटर नेहमी थोडा मागे असतो, आणि या मागे पडण्याला स्लिप म्हणतात. रोटरचा तोटा कमी केला की स्लिपही कमी होते. म्हणून कार्यक्षम मोटर किंचित जास्त वेगाने फिरते. जुनी १,४४५ फेऱ्यांवर असेल तर नवी १,४६५ वर. दाबलेला अमोनिया थंड करणाऱ्या कंडेन्सरला पाणी पुरवणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी शक्ती, रोध बहुतेक नळांच्या घर्षणाचा असेल तर, वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीड टक्क्याहून कमी वेग वाढला तरी शक्ती चार टक्क्यांहून जास्त वाढते. मोटर बदलून मिळणार होते जेमतेम पाच टक्के. मग मीटरवर बचत दिसत नाही आणि मालक म्हणतो, सगळी फसवाफसवी आहे. मोटर खोटी नसते. पंप आता गरजेपेक्षा जास्त पाणी ढकलतो आहे. उपाय सोपा आहे. इंपेलर थोडा कातून घ्यावा, पट्ट्यावर असेल तर पुली बदलावी. कॉम्प्रेसरवर हा त्रास तेवढा नाही, कारण पिस्टनचा कॉम्प्रेसर जास्त फेरे फिरला तर जवळजवळ तेवढाच जास्त बर्फही देतो.

हाच घनाचा नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो. पाणी जास्त होतंय म्हणून व्हॉल्व्ह पिळून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, म्हणजे मोटरने जोर लावायचा आणि व्हॉल्व्हने तो अडवायचा. त्याऐवजी वेग बदलणारा ड्राइव्ह बसवून पंप ८० टक्के वेगाने फिरवला तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. मोटरचा वर्ग बदलून दोन-पाच टक्के मिळतात, तिथे योग्य जागी वेग बदलून चाळीस-पन्नास मिळू शकतात. योग्य जागी हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या पंपाला कायम पूर्ण पाणी द्यायचंय त्यावरचा ड्राइव्ह स्वतःच दोन-तीन टक्के खातो आणि बदल्यात काही देत नाही.

बर्फाच्या टाकीत मिठाचं पाणी ढवळणाऱ्या पंख्याची गोष्ट याहून मजेशीर आहे. त्याच्या शाफ्टमधून पाण्यात गेलेली सगळी शक्ती शेवटी उष्णताच होते, आणि ती गार ठेवायच्या पाण्यात. ती बाहेर काढायला कॉम्प्रेसरला आणखी वीज लागते. एका युनिट कामात अमोनियाचा कॉम्प्रेसर साधारण तीन युनिट उष्णता उचलतो असं धरलं तर ढवळण्याचं प्रत्येक फालतू युनिट आपल्याला एक आणि एक तृतीयांश युनिटाला पडतं. एक टन पाणी २८ अंशांवरून उणे पाच अंशांच्या लादीपर्यंत नेताना सुमारे १२८ युनिट उष्णता काढावी लागते, म्हणजे कॉम्प्रेसरचं काम आदर्श परिस्थितीत ४३ युनिटांच्या आसपास. प्रत्यक्ष बिल त्याहून बरंच जास्त येतं. त्या फरकात मोटर आहेच, पण टाकीचं फाटकं झाकण, कंडेन्सरच्या नळ्यांवर साचलेला क्षार आणि सैल पट्टेही आहेत. क्षार तसाच ठेवून आयई-४ मोटर घेणाऱ्याला मी आधी नळ्या घासायला सांगेन.

खाडीच्या परिसरात मोठे कारखानेही आहेत. धरमतरच्या खाडीत आत डोलवीचा पोलाद कारखाना, दक्षिणेला थळचा राष्ट्रीय केमिकल्सचा युरिया कारखाना. अशा खत कारखान्यांत सगळ्यात मोठे कॉम्प्रेसर सहसा वाफेच्या टर्बाइनवर चालतात, पण पंप, पंखे आणि माल वाहणारे पट्टे मोटरींवर. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये सुरू झाला. मोठ्या ग्राहकांना एकक उत्पादनामागे किती ऊर्जा वापरायची याचं लक्ष्य देणारी 'पॅट' योजना २०१२ पासून आली. पहिल्या फेरीत खत आणि पोलादासह आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने होते. त्यांच्याकडे ऊर्जा व्यवस्थापक असतो, ऑडिट होतं, मोटरींची यादी संगणकावर असते. बर्फाच्या कारखान्याकडे यातलं काहीच नसतं. ब्यूरोने आंध्रातल्या भीमावरमच्या बर्फ कारखान्यांचा लघुउद्योग म्हणून अभ्यास केला होता. महाराष्ट्रात हे काम पाहणारी यंत्रणा म्हणजे महाऊर्जा. माझ्या मते कोकणच्या किनाऱ्यालाही तसाच एक अभ्यास हवा. बर्फाचे कारखाने एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे एकाचं निदान बाकीच्यांना चालेल.

किनाऱ्यावर मोटरीला आणखी दोन शत्रू. पहिला खारा दमट वारा. त्यासाठी आयपी ५५ दर्जाचं बंद आवरण घ्यावं आणि टर्मिनलच्या पेटीचं रबर फाटलेलं नाही हे पाहावं. दुसरा शत्रू असमान व्होल्टेज, लांबच्या फीडरवर हमखास भेटणारा. तीन फेजमधला फरक साडेतीन टक्के झाला तर मोटरचं तापणं जवळपास पंचवीस टक्क्यांनी वाढतं. फरकाचा वर्ग करून दुप्पट करायची असा ढोबळ नियम आहे. मोटरीची घटलेली कार्यक्षमता आणि अकाली जळणं यांचं मूळ बऱ्याचदा इथे असतं, आणि ते वाइंडिंगवाल्याच्या नावावर खपतं.

मोटरीवर खरा भार किती हे कळायला भारी उपकरण लागत नाही. साधा टॅकोमीटर पुरतो. नेमप्लेटवर १,४७० लिहिलं असेल तर पूर्ण भारावर स्लिप ३० फेऱ्यांची. टॅकोमीटरने १,४८५ दाखवलं तर स्लिप १५, म्हणजे भार साधारण निम्मा. नेमप्लेट थोडीफार चुकते, तरी अंदाजाला हे चालतं. भार चाळीस टक्क्यांखाली दिसला तर मोटर गरजेपेक्षा मोठी बसवली आहे. तिची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर दोन्ही पडलेले असणार. जुन्या मिस्त्रीने ५० एचपीच्या जागी ७५ ची बसवली तेव्हा त्याने 'सुरक्षित' बाजू पाहिलेली असते. बिल त्याला भरायचं नसतं.

हे सगळं करायला कोकणात एक सोय आहे, ती पुण्या-नाशिकच्या कारखानदाराला नाही. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बर्फाला गिऱ्हाईक नसतं. मोटर उघडायची, पाया सरळ करायचा, पुली बदलायची, नवी मोटर बसवून पाहायची ती याच दोन महिन्यांत. नव्या मोटरीचा सुरू होतानाचा प्रवाह जुन्या मोटरीपेक्षा जास्त असू शकतो आणि जुना ब्रेकर विनाकारण पडतो. ते हंगामाच्या पहिल्या रात्री कळण्यापेक्षा जुलैत कळलेलं बरं. याच महिन्यांत बंद मोटरीच्या वेटोळ्यांत ओल शिरते. पावसाळाभर मोटरजवळ एक दिवा पेटता ठेवावा किंवा आत हीटर असेल तर तो चालू ठेवावा, आणि ऑगस्टमध्ये स्विच दाबण्याआधी मेगर लावून वेटोळ्यांचा विद्युतरोध तपासावा. ओली मोटर सुरू करून जाळण्याचा हंगाम नेमका हाच असतो.

आयई-४ च्या पुढे काय, असा प्रश्न येतो. रोटरमध्ये कायमचे चुंबक बसवलेल्या मोटरी आणखी कार्यक्षम असतात, पण त्यांचे प्रभावी चुंबक दुर्मिळ मृदा धातूंचे असतात. चीनने एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर जगभरच्या मोटर आणि वाहन कारखान्यांची धावपळ झाली. चुंबकाशिवाय चालणाऱ्या सिंक्रोनस रिलक्टन्स मोटरी त्यावरचा एक मार्ग आहेत. दोन्हींना सहसा ड्राइव्ह लागतो. किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्याला आज तरी साधी आयई-३ किंवा आयई-४ इंडक्शन मोटर पुरे. ती बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात सापडतो.

राहता राहिली काढलेली जुनी मोटर. तिच्यात बरंच तांबं असतं आणि भंगारवाला त्याचे चांगले पैसे देतो. पण चालू स्थितीतली मोटर तो वितळवत नाही, रंग मारून विकतो. मग ती पुढच्या गावात एखाद्या पंपावर किंवा पिठाच्या चक्कीवर जाऊन बसते आणि तिथे पुन्हा पूर्वीएवढीच वीज खाऊ लागते. कारखान्याने वाचवलेली युनिटं चक्कीवाल्याच्या बिलात जातात. म्हणून जुनी मोटर विकताना मालकाने दोन हजार रुपये कमी आले तरी चालतील असं ठरवून, भंगारवाल्याच्या गाडीत चढवण्याआधी शेडमध्येच तिची वेटोळी छिन्नीने कापून टाकावीत.